फ्रेजल व्हर्बचा पॅसिव्ह कसा वापरावा: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मार्गदर्शन

मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत काम करू लागलेल्या माणसाला पॅसिव्ह व्हॉइसचे नियम बहुधा पाठ असतात. कर्म पुढे आणायचे, ‘बी’चे योग्य रूप लावायचे, क्रियापदाचे तिसरे रूप घ्यायचे आणि शेवटी ‘बाय’ जोडायचा, एवढे तो न चुकता सांगतो. अडचण येते ती कामाच्या ठिकाणी. तिथे बैठका रद्द होतात, अर्ज फेटाळले जातात, तक्रारींची चौकशी होते, आणि रोजच्या इंग्रजीत या गोष्टी ‘कॉल ऑफ’, ‘टर्न डाउन’, ‘लुक इंटू’ अशा दोन-तीन शब्दांच्या क्रियापदांनी सांगितल्या जातात. अशा क्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि त्यांतल्या ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘अप’, ‘आउट’ यांसारख्या लहान शब्दाला पार्टिकल म्हणतात. ही क्रियापदे पॅसिव्हमध्ये कशी वागतात हे शाळेत क्वचितच शिकवले जाते. मी याच वाटेने इंग्रजी शिकलो आणि पुढे कार्यालयात नव्याने आलेल्यांचे मसुदे तपासत आलो. त्या अनुभवावरून पुढच्या पायऱ्या लिहीत आहे.

लागणारे साहित्य

फार काही लागत नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हवा. तो छापील असो वा मोबाइलवरचा. अशा कोशात फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी दिलेले असतात. कर्म घेणाऱ्या क्रियापदासोबत ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ यांची संक्षिप्त रूपे छापलेली असतात आणि काही नोंदींवर ‘हे बहुधा पॅसिव्हमध्ये येते’ अशी सूचनाही असते. ही सूचना पाहण्याची सवय लावून घ्या, कारण इंग्रजी-मराठी कोशात ती सहसा मिळत नाही. याशिवाय एक वही, आणि रोज वाचायला एखादे इंग्रजी वर्तमानपत्र असावे.

१. कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह यांची गल्लत आधी दूर करा

बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. ‘मी बैठक रद्द केली’ या वाक्यात ‘केली’ हे क्रियापद बैठकीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून मराठी व्याकरणात तो कर्मणी प्रयोग आहे. पण इंग्रजीत हेच वाक्य ‘आय कॉल्ड ऑफ द मीटिंग’ असे साधे ॲक्टिव्ह होते, कारण रद्द करणारा मी वाक्यात कर्ता म्हणून ठळकपणे उभा आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी मराठी रचना म्हणजे ‘बैठक रद्द करण्यात आली’ किंवा ‘बैठक रद्द केली गेली’. यांतल्या दुसऱ्या रचनेला आपल्याकडे नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. तेव्हा प्रयोग ओळखण्याच्या शालेय नियमांवर इंग्रजी पॅसिव्ह ठरवू नका. मनातले वाक्य ‘करण्यात आले’ या साच्यात नैसर्गिकपणे बसते का, एवढेच पाहा. बसत असेल तर ‘द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ’ असे वाक्य बांधायला हरकत नाही.

२. क्रियापद कर्म घेते का, हे जोडीच्या कसोटीने तपासा

पॅसिव्ह कर्मातून तयार होतो. जिथे कर्मच नाही, तिथे तो होऊ शकत नाही. हा नियम सर्वांना माहीत असतो, पण फ्रेजल व्हर्ब समोर आले की त्याला कर्म आहे की नाही हे चटकन कळत नाही. यासाठी मराठीतच एक उत्तम साधन आहे, आणि मला वाटते की मराठी भाषकाने ते सर्वांत आधी वापरावे.

आपल्याकडे पडणे आणि पाडणे, विझणे आणि विझवणे, वाढणे आणि वाढवणे, उठणे आणि उठवणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पहिले क्रियापद आपोआप घडलेली गोष्ट सांगते आणि दुसरे कोणीतरी घडवलेली. इंग्रजीत या दोन अर्थांसाठी अनेकदा दोन वेगळे फ्रेजल व्हर्ब असतात, आणि त्यांतल्या घडवणाऱ्याचाच पॅसिव्ह होतो. ‘आग विझली’ म्हणजे ‘द फायर वेंट आउट’. ‘आग विझवण्यात आली’ म्हणजे ‘द फायर वॉज पुट आउट’. ‘भिंत पडली’ म्हणजे ‘द वॉल फेल डाउन’. ‘भिंत पाडण्यात आली’ म्हणजे ‘द वॉल वॉज पुल्ड डाउन’. ‘वीज गेली’ म्हणजे ‘द पॉवर वेंट आउट’. पण बिल न भरल्यामुळे जोडणी तोडली असेल तर ‘द पॉवर वॉज कट ऑफ’. ‘मी पाच वाजता उठलो’ म्हणजे ‘आय वोक अप ॲट फाइव्ह’. शेजारच्या आवाजाने झोपमोड झाली असेल तर ‘आय वॉज वोकन अप बाय द नॉइज’.

या कसोटीने सर्वांत जास्त आढळणारी चूक टळते. मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना कितीतरी उमेदवार ‘आय वॉज ग्रोन अप इन सातारा’ असे म्हणतात. ‘ग्रो अप’ म्हणजे वाढणे, लहानाचे मोठे होणे. ते कर्म घेत नाही, त्यामुळे ‘आय ग्रू अप इन सातारा’ एवढेच बरोबर आहे. वाढवण्याचा, संगोपनाचा अर्थ हवा असेल तर क्रियापद बदलावे लागते: ‘आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, फक्त पहिल्यात वाढणारा दिसतो आणि दुसऱ्यात वाढवणारा.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. एकाच फ्रेजल व्हर्बला दोन अर्थ असू शकतात आणि त्यांतल्या एकाचाच पॅसिव्ह होतो. ‘लिफ्ट बिघडली’ यासाठी ‘द लिफ्ट ब्रोक डाउन’ म्हणतात. ‘द लिफ्ट वॉज ब्रोकन डाउन’ चुकीचे आहे. पण पोलिसांनी दार तोडले असेल तर ‘द डोअर वॉज ब्रोकन डाउन बाय द पोलीस’ हे अगदी योग्य आहे, कारण तिथे ‘ब्रेक डाउन’चा अर्थ तोडणे असा आहे. ‘टेक ऑफ’चेही तसेच आहे. विमान उडते तेव्हा ‘द प्लेन टुक ऑफ’, पण जखमेवरची पट्टी काढली जाते तेव्हा ‘द बँडेज वॉज टेकन ऑफ’. म्हणून वहीत क्रियापद लिहिताना अर्थ आणि त्या अर्थाचे एक पूर्ण वाक्य नेहमी सोबत लिहा. नुसत्या याद्या पाठ करून हा फरक हाती लागत नाही.

कर्मासारखे काहीतरी असूनही पॅसिव्ह न होणारी थोडी क्रियापदेही आहेत. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांच्या वळणावर जाणे, आणि ‘रन इंटू’ म्हणजे कोणीतरी अचानक भेटणे. या अर्थांनी ती ॲक्टिव्हमध्येच वापरतात.

३. पार्टिकल क्रियापदाला चिकटून राहू द्या

ॲक्टिव्ह वाक्यात कर्म मध्ये येऊ शकते. ‘दे पुट द फायर आउट’ आणि ‘दे पुट आउट द फायर’ ही दोन्ही वाक्ये चालतात, आणि कर्माच्या जागी ‘इट’ आला तर तो मध्येच ठेवावा लागतो: ‘दे पुट इट आउट.’ पॅसिव्हमध्ये हा प्रश्नच उरत नाही, कारण कर्म वाक्याच्या सुरुवातीला गेलेले असते आणि क्रियापद व पार्टिकल शेजारी-शेजारी येतात. फक्त पार्टिकल गाळू नका. ‘द फायर वॉज पुट’ या शब्दांना काहीच अर्थ नाही.

खरी परीक्षा येते ती ‘लुक आफ्टर’, ‘लाफ ॲट’, ‘डील विथ’, ‘ब्रेक इंटू’ अशा क्रियापदांशी. यांच्यात मागचा शब्द प्रीपोझिशन आहे आणि ॲक्टिव्हमध्ये त्याच्या पुढे नाम असते. पॅसिव्हमध्ये ते नाम पुढे निघून जाते आणि प्रीपोझिशन एकटे मागे राहते. त्याच्या लगेच पुढे ‘बाय’ आला की दोन प्रीपोझिशन एकापाठोपाठ येतात. आपल्या कानाला ते खटकते आणि लिहिणारा त्यांतले एक खोडून टाकतो. तसे करू नका. ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हर आंट’ हेच बरोबर आहे. चोरी झालेल्या घराविषयी ‘देअर हाउस वॉज ब्रोकन इंटू लास्ट नाइट’ असे म्हणतात; ‘इंटू’नंतर काहीच नसले तरी वाक्य पूर्ण आहे.

तीन शब्दांच्या क्रियापदांनाही हाच नियम लागू होतो. मुंबईतल्या ट्राम १९६४ साली बंद करण्यात आल्या, हे सांगताना ‘द ट्राम्स वेअर डन अवे विथ इन १९६४’ असे म्हणता येते. ‘विथ’ आणि ‘इन’ लागोपाठ आले आहेत आणि ते तसेच राहिले पाहिजेत. पहिला क्रियापदाचा भाग आहे, दुसरा सालाचा.

बोलताना जोर कुठे द्यायचा हेही इथे लक्षात घ्या. ‘कॉल्ड ऑफ’, ‘पुट आउट’ यांत जोर पार्टिकलवर पडतो. ‘लुक्ड आफ्टर’, ‘लाफ्ड ॲट’ यांत तो सहसा क्रियापदावर असतो.

४. तिसरे रूप आणि काळ नीट लावा

‘पुट’, ‘कट’, ‘सेट’, ‘लेट’ यांची तिन्ही रूपे सारखी असल्याने ती त्रास देत नाहीत. ‘ब्रेक’, ‘टेक’, ‘टेअर’, ‘गिव्ह’ यांची दुसरी व तिसरी रूपे वेगळी आहेत आणि घाईत दुसरेच रूप लिहिले जाते. ‘वॉज टुक ओव्हर’ नव्हे, ‘वॉज टेकन ओव्हर’. १९६९ साली चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या, हे वाक्य ‘फोर्टीन बँक्स वेअर टेकन ओव्हर बाय द गव्हर्नमेंट इन १९६९’ असे होईल.

काळ बदलला तरी क्रियापदाचे तिसरे रूप आणि पार्टिकल जसेच्या तसे राहतात. बदलते ते फक्त ‘बी’. काम चालू असेल तर ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू’, नुकतेच पूर्ण झाले असेल तर ‘द एक्झॅम हॅज बीन पुट ऑफ’, पुढे व्हायचे असेल तर ‘द रिझल्ट्स विल बी गिव्हन आउट टुमॉरो’, बंधन असेल तर ‘द फॉर्म मस्ट बी हँडेड इन’. ‘बीइंग’ आणि ‘बीन’ यांची अदलाबदल फार होते. ‘हॅज’नंतर ‘बीन’ आणि ‘इज’नंतर ‘बीइंग’, एवढे धरून ठेवले तर पुरते. प्रश्नात ‘डिड’ आणायचे नाही: ‘वॉज द मॅच कॉल्ड ऑफ?’

५. ‘बाय’ गरज असेल तरच लिहा

शाळेतल्या रूपांतराच्या सरावामुळे प्रत्येक पॅसिव्ह वाक्याच्या शेवटी ‘बाय’ लावण्याची सवय जडलेली असते. रोजच्या इंग्रजीत मात्र पॅसिव्ह वापरतात तोच बहुधा कर्ता महत्त्वाचा नसतो किंवा माहीत नसतो म्हणून. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, हे सांगायला ‘द युनिव्हर्सिटी वॉज सेट अप इन १८५७’ पुरेसे आहे. ‘बाय समवन’, ‘बाय पीपल’ असे लिहिणे टाळा. त्यातून काहीच नवे कळत नाही. कर्ता हीच नवी माहिती असेल, तेव्हा ‘बाय’ अवश्य ठेवा: ‘शी वॉज ब्रॉट अप बाय हर ग्रँडमदर’ या वाक्यातून आजी काढली तर वाक्यातले सांगण्यासारखे सगळेच जाते.

आणखी एक गोष्ट. ‘द फॉर्म्स मस्ट बी हँडेड इन बाय फ्रायडे’ या वाक्यातला ‘बाय’ कर्ता दाखवत नाही. तो ‘शुक्रवारपर्यंत’ हा अर्थ देतो. नोटीस वाचताना नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते.

६. मराठीत ‘झालो’, इंग्रजीत पॅसिव्ह: ही यादी वेगळी ठेवा

दुसऱ्या पायरीतली कसोटी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते, पण सगळीकडे नाही. काही प्रसंग मराठी माणूस आपोआप घडल्यासारखे सांगतो आणि इंग्रजी माणूस मात्र तेच कोणीतरी केल्यासारखे सांगतो. इथे भाषांतर करून चालत नाही. ही वाक्ये कानांनी शिकावी लागतात. माझ्या मते या साऱ्या विषयातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण इंग्रजी सहज वाटते की घडवलेली वाटते, ते इथे कळते.

वाहतुकीत आपण अडकतो. इंग्रजीत ‘आय वॉज हेल्ड अप इन ट्रॅफिक’. आपण अवाक होतो. तिकडे ‘आय वॉज टेकन अबॅक बाय हिज रिप्लाय’. आपली नोकरी जाते. तिकडे ‘ही वॉज लेड ऑफ’, आणि त्यातही कामगाराचा दोष नसून कंपनीने माणसे कमी केली असा अर्थ असतो, म्हणून गैरवर्तनामुळे काढलेल्या माणसाविषयी हे शब्द वापरत नाहीत. पुरात गावाचा संपर्क तुटतो. इंग्रजीत गाव स्वतःच कर्मस्थानी जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील गावांविषयी इंग्रजी बातम्यांत ‘विलेजेस वेअर कट ऑफ’ याच धर्तीची वाक्ये येत. त्याच प्रकारे धरण किंवा पूल वाहून जातो तेव्हा ‘वॉज वॉश्ड अवे’ म्हणतात. जुलै १९६१ मधल्या पानशेतच्या फुटलेल्या धरणाबद्दल इंग्रजीत लिहायचे तर हे शब्द कामी येतील.

क्रिकेट पाहणाऱ्याला ही रचना आधीपासून ओळखीची असते. संघ ‘सर्वबाद’ होतो, इंग्रजीत तो ‘बोल्ड आउट’ केला जातो: ‘वेस्ट इंडीज वेअर बोल्ड आउट फॉर १४० इन द १९८३ फायनल.’ पावसामुळे सामना वाया गेला की ब्रिटिश इंग्रजीत ‘द मॅच वॉज रेन्ड ऑफ’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘रेन्ड आउट’. ज्यांना समालोचन ऐकायची आवड आहे, त्यांनी ही वाक्ये वहीत टिपत जावे. अर्थ समोर मैदानावर दिसत असल्याने ती विसरली जात नाहीत.

मनःस्थितीची वाक्येही याच यादीत येतात. ‘आय ॲम फेड अप विथ द नॉइज’ म्हणजे आवाजाला मी कंटाळलो आहे; ‘शी वॉज वोर्न आउट’ म्हणजे ती थकून गेली होती; ‘वी वेअर लेट डाउन’ म्हणजे ज्याच्यावर भिस्त ठेवली त्याने ऐन वेळी साथ दिली नाही. यांतल्या ‘फेड अप’नंतर ‘विथ’ येतो, तर ‘द कमिटी इज मेड अप ऑफ सेव्हन मेंबर्स’ यात ‘ऑफ’ येतो. यांच्या जागी ‘बाय’ घालू नका.

७. प्रसंग पाहून शब्द निवडा

‘कॉल्ड ऑफ’ऐवजी ‘कॅन्सल्ड’, ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन्ड’, ‘टर्न्ड डाउन’ऐवजी ‘रिजेक्टेड’ हे शब्द अधिक औपचारिक आहेत. सहकाऱ्याला लिहिताना फ्रेजल व्हर्ब मोकळेपणाने वापरा. अधिकृत नोटीस, ठराव किंवा कायदेशीर पत्र असेल तर एकशब्दी क्रियापद जास्त शोभते. मात्र सगळीच फ्रेजल व्हर्ब अनौपचारिक असतात हा समज खरा नाही. ‘वॉज कॅरिड आउट’, ‘वॉज सेट अप’, ‘वॉज रूल्ड आउट’ ही शासकीय आणि शास्त्रीय अहवालांतही बेलाशक येतात. बोलीत ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ही ऐकू येतो, जसे की ‘ही गॉट लेफ्ट बिहाइंड’ किंवा ‘वी गॉट रिप्ड ऑफ’, म्हणजे आम्ही लुबाडले गेलो. बोलताना तो चालतो. अर्जात लिहू नये.

भारतात बैठक अलीकडे घेतली की ‘प्रीपोन्ड’ म्हणण्याची रीत आहे. देशात सगळ्यांना ते कळते, पण परदेशी सहकाऱ्याला लिहिताना ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू मंडे’ लिहिलेले बरे.

८. हमखास फसवणाऱ्या जागा

‘आय वॉज पास्ड आउट इन २०१८’ हे वाक्य बायोडेटामध्ये सर्रास दिसते. माणसाविषयी बोलताना ‘पास आउट’ कर्म घेत नाही आणि लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याच्या अर्थाखेरीज तिथे त्याचा अर्थ बहुधा शुद्ध हरपणे असा होतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून छात्र ‘पास आउट’ होतात आणि त्यांच्या संचलनालाही तेच नाव आहे, पण महाविद्यालयातून पदवी घेतलेल्याने ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१८’ लिहावे.

दुसरी चूक नको असलेला शब्द जोडण्याची. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, त्यामुळे ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड’ इथेच वाक्य संपते. ‘कोप’ला ‘अप’ लागत नाही. ‘कोप अप विथ’ असे क्रियापद प्रमाण इंग्रजीत नाही, मग त्याचा पॅसिव्ह कुठून होणार? शंका आली की कोश उघडा. नोंद नसेल तर तो शब्द खोडा.

तिसरी जागा ‘पुट डाउन’ची. नाव यादीत लिहून घेतले या अर्थाने ‘हिज नेम वॉज पुट डाउन’ म्हणता येते, पण ‘द डॉग वॉज पुट डाउन’ म्हणजे आजारी कुत्र्याला पशुवैद्याने इंजेक्शन देऊन वेदनामुक्त मरण दिले. कुत्र्याला कडेवरून खाली ठेवले, एवढेच सांगायचे असेल तर वाक्य ॲक्टिव्ह ठेवा: ‘आय पुट द डॉग डाउन ऑन द फ्लोअर.’ इथे शेवटचे ‘ऑन द फ्लोअर’ हे शब्द गाळू नयेत, कारण गैरसमज टळतो तो त्यांच्यामुळेच.